यादवी आणि पांच गांवें



एकाच देशाच्या नागरिकांनीं एकमेकांवर शस्त्र उचलणें या प्रकाराला मराठींत 'यादवी' असा शब्द आहे. प्रभासक्षेत्रीं यादव आपापसांत लढून नष्ट झाले, त्या कथेवरून तो आला हें आपण जाणतांच. त्या कथेंत मद्याची धुंदी आहे, ऋषींचा शाप आहे, मुसळाच्या चूर्णापासून उगवलेलें लव्हाळें आहे. आणि म्हणूनच कीं काय, यादवी म्हणजे दैवानें आणलेला अनर्थ, तिचें निवारण माणसाच्या हातीं नाहीं, अशी एक समजूत त्या शब्दाबरोबर आपल्या मनांत शिरली आहे. या समजुतीविरुद्ध आज मला थोडें बोलावयाचें आहे. आणि त्यासाठीं महाभारतांतलीच दुसरी एक कथा मी आपणांस स्मरून देणार आहें. ती म्हणजे श्रीकृष्णाच्या शिष्टाईची. अर्ध्या राज्यावर हक्क असतांहि पांच गांवांवर तडजोड करण्याची पांडवांची तयारी होती. दुर्योधनानें सुईच्या अग्रावर राहील इतकीहि माती देण्याचें नाकारलें. पुढें काय झालें तें सांगावयास नको.

यादवी युद्धांचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे पुष्कळ ठिकाणीं अशीं पांच गांवें आढळतात. युद्धाच्या कितीतरी वर्षें आधीं कोणीतरी एक माफक गोष्ट मागितलेली असते. कित्येकदां ती कबूलहि केलेली असते. आणि मग दिलेलें वचन मोडलेलें असतें. यादवीचें खरें बीज त्या मोडलेल्या वचनांत असतें, हें आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम या विषयाची व्याप्ति पाहूं. अमेरिकेंतील जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन या दोन पंडितांनीं २००३ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या गणतीप्रमाणें १९४५ पासून १९९९ पर्यंत जगांतील ७३ राष्ट्रांत मिळून सुमारें १२७ यादवी युद्धें झालीं आणि त्यांत कमींत कमी १ कोटी ६२ लक्ष माणसें मृत्युमुखीं पडलीं. याच काळांत राष्ट्राराष्ट्रांमध्यें जीं युद्धें झालीं त्यांतील बळींची संख्या याच्या सुमारें एक-पंचमांश भरते. राष्ट्राराष्ट्रांचीं युद्धें बहुधा कांहीं महिन्यांत आटोपतात. यादवी वर्षानुवर्षें चालते. परकी शत्रु हरला तर आपल्या देशीं परत जातो; यादवींत हरलेला आणि जिंकलेला अशा दोघांनाहि त्याच गांवांत, त्याच विहिरीवर, त्याच बाजारांत पुन्हां एकमेकांचें तोंड पाहावें लागतें.

या दोघां पंडितांनीं आणखी एक गोष्ट दाखविली, ती विचार करण्याजोगी आहे. ज्या देशांत भाषा व धर्म अनेक, तेथें यादवी अधिक होते, असें आपण सहज म्हणतों. परंतु देशाचें दारिद्र्य हिशेबांत घेतल्यावर हा नियम टिकत नाहीं, असें त्यांना आढळलें. गरिबी, दुबळें शासन आणि बंडखोरांना आसरा देणारा दुर्गम प्रदेश, हीं कारणें त्यांना अधिक बलवान् दिसलीं. म्हणजे भेद आहेत म्हणून माणसें लढतात असें नव्हे. मग भेद असूनहि एके ठिकाणीं शांतता आणि दुसरीकडे संहार, असें कां होतें? याचें उत्तर कोरड्या आंकड्यांत शोधण्यापेक्षां एका देशाच्या इतिहासांत शोधूं. हा देश आपला शेजारी आहे, त्यानें आपल्यामागोमाग अवघ्या सहा महिन्यांनीं स्वातंत्र्य मिळविलें, आणि तेंहि रक्तपातावांचून. हा देश म्हणजे श्रीलंका, त्या वेळचें सिलोन.

१९४८ च्या फेब्रुवारींत सिलोन स्वतंत्र झालें तेव्हां त्याचें भवितव्य आपल्यापेक्षां उज्ज्वल दिसत होतें. साक्षरता चांगली, चहा-रबराचा व्यापार भरभराटीचा, प्रौढ मताधिकार १९३१ पासून रूढ. लोकसंख्येंत शेंकडा सत्तरच्या आसपास सिंहली, बहुतेक बौद्ध. उत्तर व पूर्व भागांत पिढ्यान् पिढ्या राहिलेले तामीळ, बहुतेक हिंदु. मध्यभागीं डोंगरांतील चहाच्या मळ्यांवर इंग्रजांनीं भारतांतून नेलेले तामीळ मजूर, आणि यांशिवाय मुसलमान व ख्रिस्ती. या मळेवाल्या मजुरांपैकीं बहुसंख्यांना त्याच वर्षीं नव्या कायद्यानें नागरिकत्वाबाहेर ठेवण्यांत आलें. लाखों माणसें एका लेखणीच्या फटकाऱ्यानें स्वतःच्या जन्मभूमींत परकीं ठरलीं, आणि देशांत फारशी खळबळ झाली नाहीं.

खळबळ झाली ती भाषेवरून. येथें सिंहली जनतेची बाजूहि समजून घेतली पाहिजे. इंग्रजी जाणणारे लोक मूठभर. परंतु सारा राज्यकारभार त्याच भाषेंत चाले. उत्तरेकडील जाफना भागांतील जमीन कोरडी. तेथें मिशनऱ्यांच्या शाळा लवकर निघालेल्या. म्हणून तेथील तामीळ तरुण इंग्रजी शिकून सरकारी नोकरींत मोठ्या संख्येनें शिरलेले. आपलें राज्य आलें तरी आपल्या मुलाला कचेरीचें दार बंदच, असें सिंहली शेतकऱ्याला वाटल्यास त्यांत नवल नव्हतें. शिवाय सामुद्रधुनीपलीकडे भारतांत तामिळांची कोट्यवधि वस्ती. त्यामुळें बेटांत बहुसंख्य असूनहि सिंहली मनाला अल्पसंख्याची भीति ग्रासून होती. जेथें दोन्ही पक्ष एकाच वेळीं स्वतःला दुबळे समजतात, तेथें तडजोड फार कठीण जाते.

१९५६ च्या निवडणुकींत एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांनीं सिंहली ही एकमेव राजभाषा चोवीस तासांत करूं, असें आश्वासन दिलें व ते प्रचंड बहुमतानें निवडून आले. त्याच वर्षीं कायदा झाला. तामीळ कारकुनाला हा भाषाभिमानाचा प्रश्न नव्हता. पुढल्या महिन्याचा पगार आणि मुलाची उद्यांची नोकरी यांचा होता. कायद्याच्या निषेधार्थ कोलंबोच्या समुद्रकांठीं मैदानावर तामीळ पुढारी सत्याग्रहास बसले असतां त्यांच्यावर जमावानें हल्ला केला. त्याच वादांत कॉल्विन डि सिल्व्हा या सिंहली सभासदानें आपल्या देशबांधवांना इशारा दिला होता कीं, भाषा दोन ठेवाल तर राष्ट्र एक राहील, आणि भाषा एकच कराल तर राष्ट्रें दोन होतील.

आतां पांच गांवांची गोष्ट येते. तामिळांचे पुढारी एस. जे. व्ही. चेल्वनायकम् हे धर्मानें ख्रिस्ती, व्यवसायानें वकील आणि मार्गानें सत्याग्रही होते. त्यांची मूळ मागणी संघराज्याची. परंतु १९५७ च्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस त्यांनीं मुख्य प्रधान बंडारनायके यांच्याशीं करार केला व पुष्कळ कमी स्वीकारलें. सिंहली हीच राजभाषा राहावी. मात्र तामीळ ही अल्पसंख्यांची भाषा म्हणून मान्य व्हावी आणि उत्तर व पूर्व भागांतील कारभार तिच्यांत चालावा. शेती, शिक्षण, आरोग्य, रस्ते, जमिनीवर नव्या वसाहती, असे विषय प्रादेशिक मंडळांकडे द्यावे. एवढेंच. या कराराच्या भरंवशावर ठरलेला सत्याग्रह त्यांनीं मागें घेतला.

परंतु करार होतांच विरोधी पक्षाला हत्यार मिळालें. त्या पक्षाचे जे. आर. जयवर्धने करार रद्द व्हावा म्हणून कँडीच्या यात्रेला निघाले. पुढें १९५८ च्या एप्रिल महिन्याच्या ९ तारखेस बौद्ध भिक्षूंचा जमाव मुख्य प्रधानांच्या घरासमोर येऊन बसला आणि त्याच दिवशीं बंडारनायके यांनीं आपण सही केलेला करार रद्द केला. दीडच महिन्यानें बेटांत मोठी दंगल उसळली. सप्टेंबर १९५९ मध्यें एका भिक्षूच्याच गोळीनें बंडारनायके यांचा अंत झाला. ज्या वाऱ्यावर शीड उभारून ते सत्तेला पोंचले होते, त्याच वाऱ्यानें होडी उलटली.

दंगलीनंतर १९५८ मध्यें तामीळ भाषेच्या उपयोगासंबंधीं एक कायदा संमत झाला. पण तो अमलांत आणणारे नियम १९६६ पर्यंत झालेच नाहींत. १९६५ सालीं जयवर्धने यांच्याच पक्षाचे डडली सेनानायके यांना राज्य चालविण्यासाठीं तामीळ सभासदांच्या पाठिंब्याची गरज पडली. त्यांनीं चेल्वनायकम् यांच्याशीं दुसरा करार केला. या वेळीं जिल्हा-मंडळांचें वचन दिलें. आतां बंडारनायके यांचा पक्ष विरोधांत होता, आणि त्यानें त्याच आरोळ्या ठोकल्या. १९६८ मध्यें जिल्हा-मंडळांचें विधेयक सोडून देण्यांत आलें. सत्तेंत असतांना जो करार करावयाचा, तोच विरोधांत जातांच देशद्रोह ठरवावयाचा, हा खेळ दोन्ही पक्ष आळीपाळीनें खेळले. लिलावांत जसा एकाच्या बोलीवर दुसरा बोली चढवितो, तशी स्वजातीच्या अभिमानाची बोली चढत गेली. आणि त्या लिलावांत विकलें गेलें तें दोनदां दिलेलें वचन.

कोणी म्हणेल, एक करार फाटला म्हणून कां कोणी बंदूक घेतो? नाहीं घेत, आणि लंकेंतहि लगेच कोणी घेतली नाहीं. पहिल्या करारापासून युद्धापर्यंत सव्वीस वर्षें गेलीं. पण त्या काळांत घराघरांतून काय घडत होतें तें ध्यानांत घ्या. बाप चेल्वनायकम् यांच्या सभेला जाई आणि घरीं येऊन मुलाला म्हणे, धीर धर, करार झाला आहे. दुसऱ्यांदां तोच बाप तेंच सांगे. तिसऱ्यांदां मुलगा ऐकेना. १९७० नंतर विश्वविद्यालयांतील प्रवेशाचे नियम असे बदलले कीं, तामीळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला सिंहली विद्यार्थ्याहून अधिक गुण मिळविणें भाग पडलें. १९७२ च्या नव्या राज्यघटनेनें बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलें आणि जुन्या घटनेंतील अल्पसंख्यांच्या संरक्षणाचें कलम गाळलें. १९७६ सालीं वृद्ध चेल्वनायकम् यांच्याच नेतृत्वाखालीं स्वतंत्र तामीळ राज्याच्या मागणीचा ठराव झाला. जो मनुष्य पांच गांवें मागत होता त्याला अखेर अर्धें राज्य मागावें लागलें, आणि तोंवर तरुणांच्या हातीं शस्त्रें आलीं होतीं.

१९८१ च्या जूनमध्यें जाफन्याचें सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यांत आलें. सुमारें ९७ हजार ग्रंथ व पोथ्या भस्म झाल्या. १९८३ च्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस तामीळ वाघांनीं लष्कराचे १३ सैनिक मारले. त्याचा सूड म्हणून कोलंबोंत व इतरत्र निरपराध तामिळांचीं घरें व दुकानें जाळलीं गेलीं. मृतांचा आंकडा सरकारनें कांहीं शतांवर ठेवला, इतरांनीं तो तीन हजारांपर्यंत सांगितला. वेलिकडा तुरुंगांत सरकारच्या कोठडींत असलेले ५३ तामीळ कैदी ठार झाले. अनेक सिंहली कुटुंबांनीं आपल्या तामीळ शेजाऱ्यांना घरांत लपविलें, हेंहि तितकेंच खरें. पण ज्याचें तें कर्तव्य होतें तें शासन त्या आठवड्यांत नागरिकांच्या पाठीशीं उभें राहिलें नाहीं. पुढल्याच महिन्यांत घटनेंत दुरुस्ती करून, स्वतंत्र राज्याची मागणी करणार नाहीं अशी शपथ सभासदांवर लादली गेली. लोकांनीं निवडून दिलेले तामीळ प्रतिनिधि त्यामुळें संसदेबाहेर पडले. बोलण्याचें दार असें लागलें, आणि शस्त्राचें तेवढें उघडें राहिलें.

पुढील सव्वीस वर्षांचा तपशील येथें देत नाहीं. पण एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. यादवी सुरू झाली म्हणजे प्रथम मरतो तो मधला मनुष्य. तामीळ वाघांनीं आपल्याच समाजांतील मवाळ पुढाऱ्यांना टिपून मारलें. अमृतलिंगम् १९८९ मध्यें, घटनापंडित नीलन तिरुचेल्वम् १९९९ मध्यें. १९९० मध्यें त्यांनीं उत्तरेकडील हजारों मुसलमानांना घरेंदारें सोडून जाण्यास भाग पाडलें. अन्यायाविरुद्ध उठलेल्या शस्त्रानें अन्यायाचीच पुनरावृत्ति केली. भारतानेंहि त्यांत हात घातला. १९८७ चा करार झाला, शांतिसेना गेली, सुमारें बाराशें भारतीय सैनिक तेथें कामीं आले, आणि १९९१ सालीं श्रीपेरुंबुदूर येथें राजीव गांधी यांची हत्या झाली. मे २००९ मध्यें वाघांचा संपूर्ण पाडाव होऊन युद्ध संपलें. सर्व मिळून ८० हजार ते १ लाख माणसें मेलीं, असा अंदाज आहे.

आणि काय मिळालें? १९८७ च्या करारानंतर घटनेंत प्रांतिक मंडळांची तरतूद झाली आणि तामीळ हीहि राजभाषा ठरली. म्हणजे १९५७ मध्यें जें कागदावर मान्य झालें होतें, साधारण तेंच, मधल्या काळांतील प्रेतांच्या राशीनंतर, पुन्हां कागदावर आलें. तेंहि अर्धवटच, २०१९ च्या अखेरीपर्यंत सर्व प्रांतिक मंडळांच्या मुदती संपल्या आणि त्यानंतर वर्षानुवर्षें त्यांच्या निवडणुका झाल्या नाहींत.

हें सारें भाषाभेदाचें फळ, असें अजूनहि कोणास वाटत असेल तर त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, याच बेटांत १९७१ सालीं आणि पुन्हां १९८७ ते ८९ मध्यें सिंहली तरुणांनीं सिंहली सरकारविरुद्ध सशस्त्र उठाव केले आणि त्यांतहि हजारों जीव गेले. भाषा एक, धर्म एक; पण शिकून निघालेल्या तरुणाला काम नाहीं, आणि त्याचें ऐकणारें कोणी नाहीं. ठिणगी निराळी होती. दारू तीच होती.

मग याला प्रतिबंध कसा होतो? त्याचींहि उदाहरणें आहेत. स्वित्झर्लंडमध्यें १८४७ सालीं सात कॅथॉलिक परगण्यांनीं वेगळा संघ केला म्हणून युद्ध जुंपलें. सरकारी सेनापति ड्यूफूर यांनीं आपल्या सैनिकांना सक्त ताकीद दिली कीं, जखमींना, कैद्यांना व नि:शस्त्रांना हात लावूं नका. समोरचे लोक उद्यां पुन्हां आपले सहनागरिक व्हावयाचे आहेत. युद्ध महिन्याच्या आंत संपलें. दोन्हीकडचे मिळून सुमारें शंभर लोक पडले. दुसऱ्याच वर्षीं जी घटना झाली तींत जेत्यांनीं सारी सत्ता स्वतःकडे घेतली नाहीं. दोन सभागृहें केलीं आणि एकांत लहानमोठ्या सर्व पूर्ण परगण्यांना समान प्रतिनिधि दिले. जर्मन, फ्रेंच व इटालियन या तिन्ही राष्ट्रीय भाषा मानल्या. त्या देशांत पुन्हां यादवी झाली नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या घरचें आहे. आपल्या राज्यघटनेप्रमाणें १९६५ नंतर केंद्राच्या कारभारांतून इंग्रजी जावयाची होती. दक्षिणेंत, विशेषतः मद्रास राज्यांत, लंकेंतील तामिळांनाच वाटली तीच धास्ती उत्पन्न झाली. अहिंदी लोकांना हवी आहे तोंवर इंग्रजी राहील, असें वचन पंडित नेहरूंनीं १९५९ मध्यें संसदेंत दिलें. १९६५ मध्यें मद्रासेंत उग्र चळवळ होऊन माणसें मेलीं. तेव्हां, १९६७ सालीं, त्या वचनाला कायद्याचें रूप देण्यांत आलें. द्रविड मुन्नेत्र कळघम् या पक्षानें वेगळ्या राष्ट्राची मागणी १९६३ मध्येंच सोडली होती. १९६७ सालीं तो मतपेटीच्या वाटेनें मद्रासच्या सत्तेवर आला. वीस मैलांच्या पाण्यानें दुरावलेल्या दोन भूमि, भाषा तीच, भीति तीच. पण एकीकडे वचनाचा कायदा झाला आणि दुसरीकडे वचनाचा चिटोरा. आपल्या देशांत सर्वच ठिकाणीं हें साधलें, असा माझा दावा नाहीं. ईशान्येकडे, पंजाबांत आणि काश्मिरांत आपणहि फार मोठी किंमत दिली आहे. पण जेथें साधलें तेथें कशामुळें साधलें, हें ओळखणें जरूर आहे.

या सर्वांतून चार गोष्टी निघतात. अल्पसंख्यांना द्यावयाचें तें एखाद्या पुढाऱ्याच्या शब्दावर ठेवूं नये. सरकार बदललें तरी टिकेल अशा घटनेंत व कायद्यांत घालावें. दुसरें, असा करार एकट्या सत्ताधारी पक्षानें करूं नये. विरोधी पक्षाचीहि सही त्यावर घ्यावी, म्हणजे लिलाव मांडणारा उरत नाहीं. तिसरें, दंगलीच्या पहिल्या रात्रीं पोलीस कोणाच्या बाजूला उभे राहतात यावर पुढलीं पंचवीस वर्षें अवलंबून असतात. तेथें निःपक्षपातीपणाला पर्याय नाहीं. आणि चौथें, कितीहि कडवट बोलणारा प्रतिनिधि असो, तो सभागृहांत बोलत आहे तोंवर त्याला बोलूं द्यावें. कारण त्याच्या मागें उभा असलेला तरुण त्याच्याकडेच पाहून आपला मार्ग ठरवीत असतो.

हीं झालीं राज्यकर्त्यांचीं कामें. आपण सामान्य माणसें. आपल्या हातीं काय आहे, असें आपण विचाराल. १९५८ च्या त्या सकाळीं बंडारनायके यांच्या दारांत बसलेल्या लोकांत बहुतेक सामान्यच होते. आपल्याच पुढाऱ्यानें दुसऱ्या पक्षाला थोडें कांहीं दिलें म्हणजे त्याला फितूर म्हणण्याची जी घाई आपल्याला होते, ती त्यांना झाली होती. तेव्हां आपला माणूस तडजोड करून परत येईल त्या दिवशीं त्याच्या दारांत आरोळ्या ठोकावयास आपण जाऊं नये. आणि दुसरे जात असतील तर त्यांना थांबवावें. सभेंत टाळी कोणत्या वाक्याला द्यावयाची, हेंहि आपल्याच हातीं आहे. पांच गांवें देणें त्या वेळीं फार महाग वाटतें. तीं न दिल्याची किंमत मागाहून ज्यांना भरावी लागते, त्यांतले पुष्कळसे करार मोडला त्या दिवशीं जन्मालाहि आलेले नसतात.